पोचल्याचा फोन

लेक-जावई दुबईत, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. म्हणून बायको पहिल्यांदाच विमानात बसणार होती, तीही एकटी. डिंकाचे लाडू, खोबरं, बाळाची दुपटी असं सगळं बांधून ती पहाटेच विट्याहून मुंबईला निघाली. मागं राहिलो मी, माझी आई आणि घरभर खोबऱ्याचा कीस, सुतळीचे तुकडे, फाटके कागद.

तो केर तसाच राहणार होता. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघालं की पोचल्याचा निरोप येईपर्यंत केरसुणीला हात लावत नाहीत. गावातली कितीतरी माणसं सोनं गाळायच्या दुकानांपायी देशभर पांगलेली. वडील कोइमतूरला निघाले की आई दोन-दोन दिवस कचऱ्यात बसायची.

मी मात्र तिकिटाची झेरॉक्स नाचवत होतो. सुटणार चारला, पोचणार पाच चाळीसला. "आये, एस.टी. साताऱ्याला टेकायच्या आत तुझी सून दुबईत." गल्लीतही दोघातिघांना हे ऐकवून आलो.

चारला बायकोचा फोन आला. "सुटतंय आता. बंद करते." आवाज अगदी बारीक होता.

पावणेसहा वाजले. सहा वाजले. तिला लावला तर फोन बंद. सामान मिळायला वेळ लागतो, असं मी आईला सांगितलं. मग स्वतःलाही सांगितलं. जावयाला लावला, तो उचलेना. लेकीला लावावा तर नववा महिना. माझ्या आवाजावरूनच तिनं ओळखलं असतं. जत्रेतल्या नाटकात यमाचं काम करून मी पोरं रडवलेली आहेत. त्या संध्याकाळी फोनच्या काळ्या काचेत पाहिलं, तर यमच पांढराफटक पडला होता.

"वाटंत खाली काय हाय रं?" आईनं विचारलं.

"समुद्र."

तिनं देवाकडं बघून हात जोडले. मग म्हणाली, "सांगायलाच पायजे हुतं व्हय?"

"तूच इचारलंस की. बातम्या लावू का?"

"लावून तर बघ."

मी उठायला गेलो तर म्हणाली, "हलू नगंस. पायाला लागून कीस सरकंल." मग आम्ही दोघं पाय वर घेऊन पलंगावर बसलो. वैशाखातलं ऊन, तेही गेलं. कचऱ्यातून टाचांवर चालत जाऊन आईनं देवापुढं दिवा लावला आणि तशीच परत आली.

सव्वासातला फोन वाजला.

"आवं, उतरले बघा. जावईबापू भाईर येऊन थांबल्यात म्हणं."

"दीड तास कुठं हुतीस?"

"इमानात. दुसरीकडं कुठं जाणार? तीन तास बसून कंबर धरली."

"तिकिटावर पाच चाळीस लिवलंय."

"मग बरोबर हाय की. हितं आत्ता पावणेसहा वाजल्यात."

कोइमतूर असो की कलकत्ता, आमच्या माणसांना घड्याळ कधी फिरवावं लागलं नव्हतं. सुटायची वेळ इथली आणि पोचायची तिथली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई उठली, केरसुणी घेतली आणि थबकली. दिवा लागल्यावर केर काढला की लक्ष्मी जाते. तिनं दिव्याकडं बघितलं, कचऱ्याकडं बघितलं.

"सुनंकडं किती वाजल्यात म्हणाली?"

"पावणेसहा."

"मग ऊन असंल अजून," म्हणाली आणि वाकून झाडायला लागली.

मी पाय वरच ठेवले. हातातली झेरॉक्स घडी घालून उशीखाली सारली.