मुंदुस, मुंदा, मुंदुम

इटलीच्या बाझिलिकाता प्रांतातल्या आमच्या डोंगरगावच्या शाळेत दोनाता झाडलोट करायची. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत. मी तिथे गणित शिकवायचो, लाउलेत्ता मास्तर लॅटिन. दरवर्षी ते फळ्यावर ‘स्वच्छ’ या विशेषणाची रूपं लिहायचे: पुल्लिंगी मुंदुस, स्त्रीलिंगी मुंदा, नपुंसकलिंगी मुंदुम. खाली सगळ्या विभक्ती. बावीस वर्षं दोनाता ती पुसत होती. पुसण्याआधी वाचायची, एवढंच.

१९५८ साली गावात कपडे धुण्याचे नवे हौद बांधले. तिथल्या दगडी पाटीसाठी मास्तरांनी मजकूर दिला: आक्वा मुंदुस. स्वच्छ पाणी.

पाटी कोरून झाली आणि दोनाता व्हितो पाथरवटाकडे गेली.

“व्हितो, चुकलंय रे. लॅटिनमध्ये पाणी ‘ती’ असतं. मुंदा हवं.”

“मास्तरांनी लिहून दिलंय. तू जा, फरशी पूस.”

“पुसून आले.”

व्हितोनं गंमत म्हणून हे मास्तरांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, आम्हा सगळ्यांसमोर, मास्तरांनी तिला उभं केलं.

“काय हो दोनाताबाई, मुंदुसचा अर्थ तरी ठाऊक आहे का?”

“मुलं यायच्या आधी वर्ग असतो तसा.”

“बरं. म्हणा रूपं.”

हातातली बादली खाली न ठेवता ती म्हणत गेली. नपुंसकलिंगी अनेकवचनापाशी थांबली.

“अडलं ना?” मास्तर खुलले.

“नाही. इथे पुन्हा मुंदाच येतं. तुम्ही त्याखाली दोन रेघा मारता, म्हणून थांबले.”

मास्तरांनी घसा साफ केला. “मुंदुस म्हणजे जगसुद्धा. पाणी हेच जग, असा माझा भावार्थ होता.”

“मग हौद लहान पडतील, मास्तर.”

मग मास्तरांनी टोपी घेतली. “व्हितोला सांगा, दगड उलटून मागच्या बाजूला कोर म्हणावं.”

“तुम्हीच चला. माझं तो ऐकत नाही.”

दोघं गेली.

पुढे मास्तरांनीच तिचा आठवीच्या परीक्षेचा अर्ज भरला. लॅटिनमध्ये दहापैकी नऊ मिळाले, गणितात चार. गणित मी शिकवलं होतं. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा बसली आणि पास झाली. दाखला घेऊन शाळेच्या जिन्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिची बादली भरून आणली.