आवाज बावन्न

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच प्रश्न विचारत आलोय — प्लग काढून पाहिला होता का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो. बावीस वर्षं नंदुरबारात टीव्ही बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. आपोआप काही होत नाही, आपल्याला कारण सापडलेलं नसतं एवढंच... असं मी छातीठोकपणे सांगायचो. म्हणून हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, पण न लिहिताही चैन पडत नाही.

लोकांचे प्रश्न मला पाठ आहेत. बत्तीसचा घेऊ की त्रेचाळीसचा? गेम लावल्याने पडदा खराब होतो का? बंद केल्यावरही लाल लाइट का राहतो? आणि वर्षातून दोन-चार वेळा हमखास येणारा — टीव्ही आपोआप सुरू होतो, काय करू? याचं उत्तर मी जेवता जेवता देतो. टायमर लागला असेल, शेजाऱ्याचा रिमोट त्याच कंपनीचा असेल, नाहीतर गेमचा डबा. तो केबलमधून टीव्हीला उठवतो, हे लोकांना माहीतच नसतं.

रनाळ्याच्या उमेशचा फोन आला तो असाच. त्याची मिरची दळायची गिरणी आहे, वडिलांपासूनची. वडिलांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं. चाळीस वर्षं गिरणीच्या घरघरीत काढल्याने त्यांना ऐकू कमी यायचं. गेल्या पोळ्याच्या आधी ते वारले. त्यांच्या घरातला टीव्ही मीच बसवून दिला होता.

तक्रार अशी, की दुपारी साडेचारच्या सुमाराला टीव्हीचा आवाज वाढतो. वाढत वाढत बावन्नवर जातो.

घरी गेलो तर वातावरण तंग. उमेशची बायको वैशाली नंदुरबारच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांची परी दिवसभर आजीजवळ, म्हणजे उमेशच्या आईजवळ असते; मी त्यांना काकू म्हणतो. आदल्या आठवड्यात काकू मागे परसात, टीव्ही कोकलतोय, परी दारात रडतेय, असं शेजारणीने पाहिलं आणि वैशालीला फोन केला. काकू म्हणत होत्या, मी आवाज वाढवलाच नाही. वैशालीला वाटत होतं, वाढवतात आणि विसरतात. आता पोरीला यांच्या भरवशावर कसं सोडायचं? नोकरी सोडू, की काकूंना सुरतेला नणंदेकडे पाठवू... इथपर्यंत बोलणं आलेलं. वैशाली वाईट नाही हो. कुठल्याही आईला भीती वाटेल.

मी टीव्हीला हात लावला आणि हसलोच. खालच्या पट्टीवर, जिथे रिमोटचा डोळा असतो, नेमकं तिथेच दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक! आमच्याकडे निम्म्या घरांत रिमोट चालत नाही तो यामुळे. पुसलं. टायमर पाहिला, बटणं पाहिली, उमेशच्या गेमच्या डब्याची टीव्ही उठवायची सेटिंग बंद केली. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. काही नाही.

मग मी सगळ्यांदेखत, मोठ्या ऐटीत जाहीर केलं, की टीव्ही एकदम ओके आहे, कोणीतरी रिमोट दाबतंय.

सगळ्यांनी फक्त काकूंकडे पाहिलं. त्या खाली बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी चपला घालत होतो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी येडी व्हई गऊ का रे, भाऊ?"

मी नाही-नाही म्हणून गाडीला किक मारली. पण नंदुरबार येईपर्यंत माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. मी टीव्ही तपासायला गेलो होतो आणि निकाल दिला होता काकूंचा. अरे, तुला कोणी विचारलं होतं का रिमोट कोण दाबतं ते? जीभ सैल सोडायची सवय, दुसरं काय. पुढचे चार दिवस कुठल्याही कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या भिंतीला चुकीच्या जागी भोक पाडलं. पाचव्या दिवशी कोणी बोलावलं नसताना पुन्हा रनाळे गाठलं.

उमेश गिरणीवर, वैशाली शाळेत. काकू आणि झोपलेली परी, दोघीच. मी गेमचा डबा काढून ओट्यावर ठेवला. इंटरनेट बंद केलं. टीव्हीच्या आणि डिशच्या, दोन्ही रिमोटचे सेल काढून खिशात घातले. रिमोटच्या डोळ्यावर काळी टेप लावली, दुहेरी. डिशवर बातम्या लावलेल्या, आवाज बारा. बटणं टीव्हीच्या मागे, आणि मी टीव्हीच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलो. काकू समोर भिंतीला टेकून मिरच्या घेऊन बसल्या. मिरचीच्या खाटाने नाक झोंबून मला शिंका येत होत्या.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी पडद्यावर आवाजाची पट्टी आली.

तेरा. चौदा. मग जरा थांबून पंधरा. बटण अडकलं की आकडे धाडधाड पळतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. इथे कोणीतरी एकेकदा दाबत होतं, सावकाश, पुढचा आकडा वाचून. मी मागे हात घालून बटणं चाचपली, मोकळी होती. खिसा चाचपला, सेल होते. अंगावर काटा आला म्हणतात ना... माझ्या तर मानेपर्यंत आला. बावन्नवर पट्टी थांबली. निवेदिका आमच्या कानात बोंबलत होती आणि मला उठून प्लग काढायचं सुचलं नाही. मला!

काकूंनी मान वर केली नाही. देठ खुडता खुडताच त्या वैतागून म्हणाल्या, "कमी करा ना. मन्हा कान फुटी ऱ्हायनात."

एक्कावन्न. पन्नास.

आकडा तिथेच थांबला. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, रोज यांचं असंच असायचं, कितीही ओरडलं तरी दोनच आकडे कमी करायचे. एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे पुसले, मिरचीच्या हाताने, आणि मग खरंच डोळे चोळत मोरीकडे पळाल्या.

संध्याकाळपर्यंत मी थांबलो. वैशाली आली तेव्हा तिला सांगितलं, की माझी चूक झाली, बोर्ड गेलाय, आवाज आपोआप वाढतो, काकूंचा काही संबंध नाही. धंद्यात मी पुष्कळ गोष्टी गिऱ्हाइकापासून लपवल्या असतील, पण चांगल्या बोर्डाला खराब म्हणण्याची ही पहिलीच वेळ. वैशाली काकूंजवळ जाऊन बसली आणि रडलीच. माझंच चुकलं म्हणाली.

तो टीव्ही मी दुकानात आणला आणि त्यांना माझ्याकडचा दुसरा लावून दिला. दुकानात रोज साडेचारला तो चालू करून मी समोर बसायचो. बारा तर बारा. हलायचं नाव नाही. बोर्ड काढून तपासला, ठणठणीत होता.

आठव्या दिवशी काकूंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, परी कशी आहे वगैरे. मग म्हणाल्या, "भाऊ, हाऊ टीव्ही बिघडेल शे का? याना आवाज वाढतच नई."

मी म्हटलं, प्लसचं बटण दाबा. त्या मग म्हणाल्या, "मी दाबानं नई म्हनत."

बावीस वर्षांत मला उत्तर देता आलं नाही असा हा एकच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी जुना टीव्ही टेम्पोत घातला. वैशालीला सांगितलं, पार्ट मिळत नाही, आवाज वाढत राहील, तेव्हा हॉलमध्ये माझावाला राहू द्या आणि हा काकूंच्या खोलीत लावतो. ती हसून हो म्हणाली. आता बिघाड टीव्हीचा होता, त्यामुळे कोणाला भीती नव्हती.

काल पावणेपाचला मी मुद्दाम फोन केला. काकूंनी उचलला, पण काही ऐकू येईना. मागे टीव्ही नुसता कोकलत होता. "थांब, भाऊ," म्हणाल्या आणि फोन बाजूला धरून कोणालातरी ओरडल्या.

दोन आकड्यांचा फरक फोनवरून कळत नाही. हे मी गिऱ्हाइकाला शपथेवर सांगेन. पण आवाज कमी झाला, आणि काकू मला म्हणाल्या, "हां, आते बोल."