जाळीच्या कपाटातला रेडिओ

तार आली तेव्हा मी अकोल्याला शाळेत सहावीच्या पोरींची गणितं तपासत होते. माझी थोरली बहीण कुमुदताई गेली. ताप आल्याचंही कोणी कळवलं नव्हतं. गाडी बदलायला बडनेऱ्याला उतरले, तिथेच फलाटावर काय रडायचं ते रडून घेतलं, आणि अमरावतीला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. हा लेख मी दुःख कमी व्हावं म्हणून लिहीत नाही. मला राग आला आहे, आणि तो उतरत नाही. ताईच्या तेराव्याला, तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून, आमच्या भाऊजींनी चारचौघांना सांगितलं की या कपाटात रेडिओ मी बसवला. ते खोटं आहे. तो ताईने बसवला.

आमचे वडील अकोल्याला शिक्षक होते. लढाई संपल्यानंतरच्या दिवसांत आमच्या भावाने रेडिओ बनवण्याचे धडे टपालाने मागवले, आणि दोन धड्यांतच तो कंटाळला. उरलेले ताईने संपवले. ती मॅट्रिक होती, इंग्रजी अडखळत का होईना वाचायची. लष्कराच्या लिलावातून आलेले सुटे भाग जुन्या बाजारात ढिगाने पडलेले असत. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, तारांची भेंडोळी. माझ्याकडे पिशवी धरायला देऊन ती एकेक भाग उजेडात फिरवून बघायची आणि दुकानदाराशी भाजी घेतल्यासारखी हुज्जत घालायची. तिने जुळवलेला पहिला संच माळ्यावर बोलायला लागला तेव्हा वडिलांना फार कौतुक वाटलं. त्याच महिन्यात त्यांनी तिचं लग्न ठरवलं.

सासर अमरावतीचं, वकिलांचं. रेडिओ होता, पण तो बैठकीत, आणि बैठकीत पुरुष. सासूबाई चांदूर बाजारच्या, तोंडाने फटकळ, सोवळ्याच्या कडक. त्यांना सकाळची भजनं ऐकायची असत आणि सोवळ्यात बैठकीतल्या रेडिओला हात लावता येत नसे. ताईने रेडिओसाठी स्वयंपाकघरातलं दुधाचं कपाट धरलं. सागवानी, दाराला जाळी. जाळीतून आवाज बाहेर येईल आणि व्हॉल्व्हची ऊन हवाही निघून जाईल, हे तिच्या लगेच लक्षात आलं. दूध नासेल म्हणून सासूबाई कुरकुरल्या, तेव्हा तिने रेडिओ वरच्या खणात घेतला आणि दूध तळाशी. तारा जोडायला डाख लावायची सळई ती शेगडीत तापवायची. राळेचा वास घरभर जायचा आणि सासरे बाहेरून म्हणायचे, सूनबाई धूप चांगला घालते. शेवटी खटका उडाला तो बटणांवरून. बाजारातलं काळं बटण, कुणाकुणाचे हात लागलेलं, सासूबाई सोवळ्यात शिवेनात. ताईने कुंकवाच्या दोन जुन्या करंड्यांची पितळी झाकणं बटणं म्हणून लावली, कारण पितळ घासलं की शुद्ध. पितळेतून झटका बसू नये म्हणून आतला दांडा लाकडाचा. असा रेडिओ कुठल्या कारखान्यात होणार होता? सासूबाई ओलेत्याने यायच्या, झाकण फिरवायच्या आणि भजन ऐकत वाती वळायच्या…

हे असंच राहतं तर मला लिहायची गरज पडली नसती. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागायतदार, पाटील, भाऊजींचे पक्षकार होते. त्यांनी एकदा पाणी प्यायला आत येऊन ते कपाट पाहिलं आणि मलेबी असंच पाहिजे म्हणून हट्ट धरला. भाऊजी म्हणाले, मी करून देतो. ताईने ऐकलं. तिने नवऱ्याकडे कधी लुगडं मागितलं नाही, दागिना मागितला नाही. या एका वेळी मागितलं, आणि काय, तर कपाट कोणी केलं एवढं पाटलांना सांगा. भाऊजींचं उत्तर तिने मला जसंच्या तसं ऐकवलं होतं. "वकिलाची बायको मिस्त्रीकाम करते, हे मी कोर्टात सांगत फिरू का?"

ताईने पाटलांच्या कपाटाचं काम अर्ध्यावर ठेवलं. सुट्टीमुळे मी तिथेच होते. पाटील कपाट न्यायला आले तेव्हा आत नुसत्या तारा लोंबत होत्या. भाऊजी म्हणाले, मुंबईहून एक भाग यायचा राहिला आहे. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही.

"त्याले काय इचारता पाटील? त्याले फ्यूज बदलता येत नाई. सारं हिनं केलं, या सूनबाईनं."

मग पाटील मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, आजीबाई मोठ्या गमतीच्या हायेत. भाऊजी हसले, सासरे हसले. आणि चहाचा ट्रे हातात धरून ताईही हसली.

स्वयंपाकघरात मी तिला धरलं. "तू काहून हसली वं?"

"मग काय करू? खरं सांगून झालं ना त्याइच्यापुढं," ती म्हणाली. "आता कप विसळ."

पुढच्या आठवड्यात तिने ते कपाट पुरं केलं. नंतर आणखीही केली, सगळी भाऊजींच्या नावाने गेली. तिच्या त्या हसण्याचा राग मला आजही आहे, ती गेली म्हणून तो मी सोडलेला नाही.

सासूबाई मागेच वारल्या. खरं सांगणारी राहिले मी. तेराव्याला जेवणं झाल्यावर कुणीतरी बातम्या लावायला सांगितल्या. भाऊजींनी झाकण फिरवलं, काही लागेना. मी स्वतः बसवलाय हा, असं पाहुण्यांना सांगून ते माझ्याकडे वळले. अकोल्याला एखादा चांगला मेकॅनिक असेल तर पाठव म्हणाले.

"तुम्हीच बसवला ना? मग उघडा," मी म्हटलं.

त्यांनी दार उघडलं, वरच्या खणात बोटं चाचपली, मागची फळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू पाहिली. फळीचा टवका उडाला. मी म्हटलं, कोणी बनवला ते या मंडळींना सांगा, कसा उघडतो ते मी लगेच दाखवते.

"माणसं बसली आहेत. आज हा विषय कशाला?"

"माणसं बसली आहेत म्हणूनच."

ते स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभे राहिले. कोणीतरी सुपारी मागितली. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर आले.

ते कपाट अजून तसंच बंद आहे असं भाचा लिहितो. भाऊजी आता कारागीर शोधत आहेत. जो जाईल त्याच्यासाठी सांगते. मागची फळी उचकटू नका, उंदीर शिरू नयेत म्हणून ती पक्की ठोकलेली आहे. मधल्या खणातली भांडी काढा आणि हात वर घाला. दोन लाकडी खुंट्या लागतील. त्या ओढल्या की सगळा संच ताटासारखा पुढे सरकतो. त्याआधी वायर काढा, आणि काढल्यावरही थोडं थांबा, आत करंट राहतो. काम नीट बघा. डाख कुठेही ओघळलेला दिसणार नाही. हे कोणी केलं असं भाऊजींना विचारायच्या फंदात पडू नका. कुमुदताईने केलं. पाटील, तुमच्या घरचंही तिनेच केलं.