दोरीने बांधलेलं वर्णन

“वर्णन एकदा जुळवून ठेवलं की माणसं बघायला जावं लागत नाही,” असं आत्या एकदा म्हणाली होती.

ती छापखान्यात खिळे जुळवायची. मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, शिशाचं एकेक अक्षर उचलत ओळी भरायची. बावीस वर्षं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, पलीकडे यंत्रावर असायचे. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं; सांगताना दर वेळी स्वतःच्या पायांकडे बघत.

साप्ताहिकाचे संपादक कष्टाळू होते, पण बसल्या जागी. बायकांना मताचा हक्क हवा म्हणून गावात सभा व्हायच्या. त्या बायकांचं वर्णन त्यांनी चार वर्षांपूर्वी एकदाच लिहिलं: ‘आवाज कर्कश, केस पिंजारलेले, नजर हट्टी, घरी मुलं उपाशी आणि इथे नुसता आरडाओरडा.’ आत्याने ते जुळवलं, भोवती लाल दोरी आवळली आणि फळीवर ठेवून दिलं. शेजारी पांढऱ्या दोरीत नगरपालिकेचे सभासद: ‘मुद्रा गंभीर, बोलणं मोजकं, नजर दूरवरची; घरची कामं बाजूला सारून लोकहितासाठी जमलेली मंडळी.’ सभा आली की गठ्ठा उचलायचा, वर तारीख बसवायची. सभा व्हायच्या आधीही हे जमायचं.

बायकांच्या त्या सभांना आत्या न चुकता जायची. संपादकांची बायको तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. सभेतला सगळ्यात मोठा आवाज त्या खुर्चीतूनच यायचा.

“ताई, स्वतःलाच शिव्या छापतेस की,” बाबा चिडवायचे.

“मी कर्कश आहे?”

“सभेतलं माहीत नाही. घरी आहेस.”

एका शनिवारी दोन्ही सभा एकदम आल्या. बायकांच्या अर्जावर चार वाजता सह्या व्हायच्या होत्या आणि आत्याला वेळेवर पोचायचं होतं. तिने तीनलाच दोन्ही बातम्या बसवल्या. उलटी अक्षरं ती भराभर वाचायची, पण चार वर्षं पाठ असलेलं कोण वाचतं? गठ्ठे नेहमीच्या जागेवरून उचलले, झालं. दोरीकडेही बघितलं नाही. त्या सकाळी बाबांच्या चपलेचा पट्टा तुटला होता. त्यांनी लाल दोरी सोडून पायाला बांधली, त्या गठ्ठ्याला दुसरी एक पांढरी गुंडाळली आणि गठ्ठे परत ठेवताना जागा बदलल्या.

सोमवारी अंक वाटला गेला. बायकांच्या मुद्रा गंभीर होत्या आणि नगरपालिकेत नुसता आरडाओरडा.

“सभासदांचे केस मी कापतो, ते काही पिंजारलेले नसतात,” न्हावी म्हणाला, “पण आवाजाचं बरोबर लिहिलंय.”

“बातमीदार पहिल्यांदाच सभेला गेलेला दिसतो,” पोस्टमन म्हणाला.

दुपारी नगराध्यक्ष येऊन संपादकांच्या टेबलावर हात आपटून गेले. मग संपादक मागच्या खोलीत आले.

“बाई, दोन ओळींचा माफीनामा जुळवा. माझ्या हातून चूक झाली, असा. खाली तुमचं नाव. नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल.”

“चूक कुठल्या वर्णनात झाली म्हणू, साहेब?”

“दोन्ही!”

“तुम्ही होतात सभेला?”

“कुठल्या?”

“कुठल्याही.”

संपादकांनी चष्मा पुसला. दारातून बाबा पुढे आले. “साहेब, ती दोरी खरं तर मी...”

“तू गप्प रे,” आत्या म्हणाली. “चप्पल सांभाळ.”

“मी कुठे मोठं काही मागतोय?” संपादक जरा मऊ झाले. “त्या बायका गंभीर नव्हत्या, एवढं लिहा. उद्या नेहमीसारख्या कामावर या.”

आत्याने फळीवरून बायकांचा गठ्ठा काढला, नखाने गाठ सोडली आणि एकेक अक्षर आपापल्या खणात टाकायला लागली. ‘कर्कश’ गेलं. ‘उपाशी’ गेलं. घाई नव्हती.

“अहो, हे काय करताय? पुढच्या शनिवारी मी काय छापू?” संपादक डोक्यात बोटं खुपसून ओरडले. “पुन्हा लिहायचं कुणी? तिथे जायचं कुणी?”

शेवटचा खिळा पडला. आत्याने साबणाने हात धुतले, सावकाश पुसले. संपादकांचे केस आता चारी बाजूंना उभे होते आणि आवाज रस्त्यापर्यंत जात होता. आत्याने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि बाहेर पडली.