उल्जानमामीचा आवाज

भाच्याने मागितलं आणि मामाने नाही म्हटलं, असं आम्हां कझाखांत होत नाही. आयुष्यात तीन वेळा भाच्याने हात पसरायचा आणि मामाने तो भरायचा. माझा सख्खा भाऊ सायलाव याने त्या हक्काचं काय केलं, ते सांगते. त्याला वाईट वाटलं तर खुशाल वाटू दे.

बोरानमामा सामुदायिक शेतीचे घोडे राखायचा. घरी त्याच्या बापाचा कोबिझ होता, गजाने वाजवायचं वाद्य. एका लाकडातून कोरलेला, खालच्या पोटावर उंटाचं कातडं, आणि तारांऐवजी घोड्याच्या केसांचे दोन पेड. मामी नवरी होऊन ज्या घोड्यावरून आली, त्याच्याच शेपटीचे ते केस. घोड्यांना हाका मारून मारून मामीचा घसा कायमचा बसला होता आणि कोबिझही तसाच घोगरा. मामाने तिच्यावर एक धून बांधली होती. ती तो वाजवायला लागला की मामी पीठ मळता मळता करवादायची, "झालं, लागला माझ्या नकला करायला म्हातारा!" आणि ऐकत बसायची.

मामी गेली. तिला वर्ष होईल त्या दिवशीच्या जेवणाला तीच धून वाजवायची, एवढी एकच गोष्ट मामाने मनात धरली होती.

तेवढ्यात सायलाव आला. तो अल्मा-अता शहरात वाद्यांच्या कारखान्यात होता. लहानपणी त्याने मामाकडून शिंगरू मागून घेतलं होतं. आता दुसऱ्यांदा हात पसरून म्हणाला, "मामा, कोबिझ द्या. नमुन्याला हवाय. मामीच्या जेवणाआधी आणून देतो."

"जपून रे. तुझी मामी आहे त्यात."

"मी काय परका आहे का मामा?"

मामाने कोबिझ स्वतःच्या कोटात गुंडाळून दिला.

जेवणाच्या दिवशी सायलाव आला तो कारखान्याच्या साहेबांना घेऊनच. पेटी उघडली. कातडं गेलेलं, त्या जागी पातळ फळी, वर चकचकीत वॉर्निश आणि चार धातूच्या तारा.

"आता हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं, मामा."

"तुझी मामी शेवटच्या रांगेत बसायची का?" मामाने विचारलं. मग हळूच म्हणाला, "केस कुठायत?"

"ते जुने... टाकले असतील कुणीतरी."

माझ्या हातातली परात मी आपटली.  तेवढ्यावर तरी सायलावने थांबायचं होतं. पण साहेब बघत होते ना. भरल्या पंगतीत तो म्हणाला, "मामा, माझी तिसरी मागणी. मामीची धून यावर वाजवा."

 मामाने वाद्य गुडघ्यांत धरलं आणि वाजवलं, सगळं, एक सूर न चुकवता. तारा गोड होत्या, खोटं कशाला बोलू? साहेबांनी मान डोलावली. बायका डोळे पुसायच्या थांबल्या आणि कौतुकाने ऐकू लागल्या.

मामाने गज खाली ठेवला.

"छान गाते," तो सायलावला म्हणाला. "कोण ही बाई?"