काढ आणि गिरव

अर्धांगवायूतून उठलेल्या आईला घेऊन मी बंगळुरूच्या दवाखान्यात बसले होते. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मीच. कागदावर ठिपक्यांचा एक गोल होता. बाई म्हणाल्या, "ट्रेस." मी घाईत आईला सांगितलं, "गोल काढ."

आईने शेजारी नवाच गोल काढला. बाईंनी मान हलवून काहीतरी टिपलं.

"अगं, हाच गिरवायचा होता!" मी ओरडलेच.

"मग गिरव म्हणायचंस ना. तू काढ म्हणालीस, मी काढला."

ट्रेस, ड्रॉ, स्केच, मार्क. इंग्रजीत प्रत्येक रेघेला वेगळा शब्द. आपल्याकडे तरी कुठे कमी आहेत? गिरवणं, आखणं, रेखाटणं, खरडणं. पण माझ्या तोंडात एकच बसलाय. चित्र काढ, रांगोळी काढ, रेघही काढ. नको तिथे नेमका तोच आला, आणि शेरा मात्र आईच्या नावावर पडला.

चूक माझी, तिची नाही, असं मी बाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या, पुढचं बघू."

आई कागद सोडेना. तिने ठिपक्यांवरून सावकाश पेन्सिल फिरवून तो गोल पुरा केला आणि कागद बाईंकडे नाही, माझ्याकडे सरकवला.