ट्यूब नंबर एक

माझं माहेर लातूर आणि सासर नांदेड. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी पाण्याचा विषय निघाला की सासरी मी अजून रेल्वेनं पाणी आणणाऱ्यांची पोरगी असते. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा मला पाण्याचा ग्लास देतानासुद्धा म्हणतात, "घे, गोदावरीचं हाय." नदी यांनीच खोदल्यासारखं.

या गोदाकाठच्या घराण्याचा नदीशी व्यवहार मात्र बेताचाच. पुलावरून जाताना नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि गणपती बुडवायला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं. वर मामांची एक गोष्ट. माझा नवरा सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला घाटावरून पाण्यात फेकलं आणि पोरगं पोहत बाहेर आलं. "एकदाच फेकलो. पुन्हा शिकवायची गरजच पडली न्हाई," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

खरं काय ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. माहेरच्या शेतात विहीर आहे. आम्ही बहिणी पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून तिथंच पोहायला शिकलो. जावई आले म्हणून सगळी मंडळी विहिरीवर जमली. जावयांनी शर्ट काढला, पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर बसून अर्धा तास पाय धुतले आणि वर येऊन म्हणाले, "पाणी लई गार हाय." मे महिना होता. परतताना मी विचारलंच, तर म्हणाले, "येत न्हाई मला. घरी सांगू नको." मी सांगितलं नाही. नवी नवरी होते, आणि खरं बोलायचं तर नवऱ्याची एखादी गोष्ट आपल्या मुठीत असली की बरं वाटतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दहा वर्षांच्या मुलीनं मोबाइलवर कुणाला तरी ट्यूबवर बसून नदीत तरंगताना पाहिलं आणि हट्ट धरला. मामांनी बेत लिहायची वही उघडली. उमरीच्या पुढं एका गावाजवळ बंधाऱ्यामुळं गोदावरी थांबल्यासारखी असते, तिथं ओळखीचा नावाडी आहे, रविवारी जायचं, असं पाच मिनिटांत ठरलं. नंतरच्या तीन संध्याकाळी धपाट्यांवर गेल्या. धपाटे किती, दही कशात न्यायचं, शेंगाचटणी ओली की कोरडी, अमावस्या टळली का, बीपीच्या गोळ्या कुणाच्या पिशवीत. पोहायला कुणाला येतं हा प्रश्न वहीत नव्हता, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

गुरुवारी मामांनी जागा वाटल्या. मामा होडीत. होडीच्या मागं दोरीला ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा. ट्यूब नंबर एक, पप्पा आणि मुलगी. ट्यूब नंबर दोन, सूनबाई आणि कोरड्या कपड्यांची पिशवी. मुलगी म्हणाली, "पप्पा आहेत ना माझ्यासोबत, मग मला लाइफ जॅकेट कशाला?"

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, सांगून टाका. नाहीतर मी सांगते."

"कंबरेएवढं पाणी हाय तिथं. कशाला उगं माझी इज्जत काढायलीस? सांगतो उद्या."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही. मामांचं तोंड डोळ्यांसमोर आलं की माझी जीभ रेटत नव्हती. नदीवर गेल्यावर बघू, असं म्हणत मी धपाटे थापत राहिले.

नावाडी साठीचा, कमी बोलणारा. त्यानं एकच विचारलं, "लेकरासंगं कोन बसनार?" नवऱ्यानं हात वर केला. "मग त्या बाभळीपर्यंत पवून या. बघितल्याबिगर मी लेकरू कुनाजवळ देत न्हाई."

"त्याचं काय बघतो?" मामा हसले. "गोदाकाठचा हाय तो."

नवऱ्यानं शर्ट काढला. गुडघ्यापर्यंत गेले, कंबरेपर्यंत गेले आणि थांबले. मुलगी काठावर मोबाइल धरून त्यांचं शूटिंग करत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते वळले आणि म्हणाले, "मला पोहता येत न्हाई."

मी मामांकडं पाहिलं. आता स्फोट होणार असं वाटलं. मामांनी धपाट्यांच्या डब्याचं झाकण नीट लावलं. "मी फेकलोच न्हाई त्याला," ते म्हणाले. "पायरीवरून घसरला. धुणं धुणाऱ्या एका बाईनं केसाला धरून वर काढलं. मला तरी कुठं पवता येतंय?"

चौदा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा समोर आला होता. लातूरच्या वतीनं एक खमंग वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मुलीनं मोबाइल खाली केला. ती बापाकडं गेली नाही, माझ्याकडं आली.

"आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

"तरी तू मला पप्पांच्या ट्यूबवर बसू देणार होतीस?"

मी आता सांगणारच होते, हे खरं होतं. पण गुरुवारपासून मी सांगणारच होते. मला स्वतःची लाज वाटली आणि ते खमंग वाक्य गिळून टाकावं लागलं.

मी ओढणी कमरेला खोचली आणि बाभळीपर्यंत पोहून परत आले. चांगली पोहले. कुणी टाळी वाजवली नाही. नावाडी म्हणाला, "बसवा लेकराला ह्या बाईसंगं." मुलीनं नकारार्थी मान हलवली. तिनं नावाड्याकडून जॅकेट मागून घेतलं, त्याचे सगळे पट्टे स्वतः आवळले आणि होडीत त्याच्याशेजारी जाऊन बसली.

आम्हा नवराबायकोला जॅकेटं घालून दोन ट्यूबांवर बसवलं. नदी अगदी शांत होती. मामा दही सांभाळत होते. मुलगी आमच्याकडं पाठ करून बसली होती. बऱ्याच वेळानं ती मागं वळली, होडीला बांधलेल्या आमच्या दोऱ्यांच्या गाठी एकेक करून ओढून पाहिल्या, आणि पुन्हा पाठ केली.